बाथरूमचं काम काढताय? टाइलच्या मागचा हिशेब आधी मांडा

नागपुरात बाथरूमचं काम काढायचं ठरलं की घरची मंडळी पहिल्याच रविवारी टाइल्सचं शोरूम गाठतात. एखादं डिझाइन मनात भरतं आणि मग सगळं बजेट त्या डिझाइनच्या मागे धावतं. मिस्त्री येतो, फरशी फोडतो, खाली लोखंडी पाइप गंजून चाळणी झालेला निघतो आणि ठरलेली रक्कम तिसऱ्याच दिवशी कोलमडते. "काकाजी, हे फोडल्याशिवाय समजतच नाही," असं मिस्त्री म्हणतो आणि त्याचं खरंही असतं. तरी फोडण्याआधी बरंचसं कळू शकतं, आणि जे कळत नाही त्यासाठी पैसे बाजूला ठेवता येतात.

इथे ५ बाय ८ फुटांचं, कमोड आणि आंघोळ एकत्र असलेलं बाथरूम धरलं आहे. मानेवाडा, त्रिमूर्तीनगर, नंदनवन अशा भागांतल्या प्लॉटवरच्या जुन्या घरांत या मापाची बाथरूम्स भरपूर आहेत. तुमचं माप वेगळं असलं तरी रीत तीच राहील. भाव मात्र नमुन्याचे समजा. प्रत्येक ओळीत आपल्या दुकानदाराचा आणि मिस्त्रीचा भाव टाकून बेरीज नव्याने करा.

आधी गळती शोधा

पूर्ण फोडायचं की नुसती डागडुजी करायची, हा सगळ्यात महागडा निर्णय आहे. तो अंदाजाने घेऊ नका. एका सुटीच्या दिवशी चार तपासण्या करा, पैसा लागत नाही.

पहिली, पुरवठ्याच्या पाइपांची. रात्री टाकी भरून घ्या, घरातले सगळे नळ बंद करा, टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पाहा. पातळी उतरली असेल तर भिंतीतला एखादा पाइप किंवा फ्लश टँक गळतोय. दुसरी, निचऱ्याची. नहाणीच्या जाळीत आणि कमोडमध्ये वेगवेगळ्या रंगाचं पाणी सोडा (खाण्याचा रंग चालतो) आणि एक-दोन दिवस खालच्या छतावर किंवा बाहेरच्या भिंतीवर रंग उमटतो का ते पाहा. तिसरी, टाइल्सची. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकत जा. पोकळ आवाज देणाऱ्या टाइल्सवर खडूने खूण करा. दहात एखादी पोकळ असेल तर ती बदलता येते. दहात चार-पाच असतील तर मागचा मसाला सुटलेला आहे, तिथे ठिगळ लावण्यात अर्थ नाही. चौथी, उताराची. दाराजवळ बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीपर्यंत जातं की कोपऱ्यात तुंबतं ते पाहा.

पाइप ठीक, उतार ठीक, फक्त सांध्यांतून पाणी झिरपतंय असं निघालं तर सांधे खरवडून एपॉक्सी ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरायचा, पाणी न शोषणारा मसाला) भरल्याने काम निभावतं. तो खर्च पूर्ण कामाच्या मानाने किरकोळ आहे. दुरुस्तीने भागत असेल तर दुरुस्तीच करा, यात कमीपणा नाही.

घरात कोणतं पाणी येतं, त्यावर सामान ठरतं

नागपूरला महापालिकेचं पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. पण बऱ्याच लेआउट्समध्ये वापरायला बोअरवेलचं पाणी असतं आणि ते जड असतं. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, शॉवरची भोकं बुजतात, गीझरच्या कॉइलवर क्षाराचा थर बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपलं पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. एका बाटलीच्या तपासणीवर हजारोंची खरेदी ठरते.

पाणी जड असेल तर काळ्या, गडद चकचकीत टाइल्स आणि काचेचं पार्टिशन घेऊ नका. रोज पुसलं नाही तर महिन्याभरात त्यावर पांढरे ठिपके बसतात. नळ पितळी बॉडीचे घ्या, आणि शॉवर असा घ्या की ज्याची रबरी भोकं बोटाने चोळून साफ होतात. भिंतीत दडवलेल्या कन्सील्ड डायव्हर्टरपेक्षा (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारी कळ) भिंतीबाहेरचा वॉल मिक्सर बरा, कारण क्षार अडकून तो बिघडला तर टाइल न फोडता बदलता येतो. हे दिसायला थोडं जुनं वाटेल, पण जड पाण्याच्या घरात मी डायव्हर्टर सुचवणारच नाही.

माप तुम्ही स्वतः घ्या

टेप घेऊन बसा. लांबी ८, रुंदी ५, म्हणजे चारी भिंतींचा घेर २६ फूट. टाइल्स ७ फुटांपर्यंत लावायच्या तर २६ गुणिले ७, १८२ चौरस फूट. त्यातून अडीच बाय सातचं दार (साडेसतरा) आणि दोन बाय दीडची झरोक्याची खिडकी (तीन) वजा केली की १६१ उरतात. त्यावर कापण्या-फुटण्यासाठी दहा टक्के धरा, १७७. १२ बाय १८ इंचांची एक टाइल दीड चौरस फुटांची होते. बॉक्समध्ये सहा असतील तर बॉक्स ९ चौरस फुटांचा, म्हणजे २० बॉक्स. फरशीचे ४० चौरस फूट, दहा टक्क्यांसह ४४, ते ४५ धरा.

हा कागद खिशात ठेवूनच दुकानात जा. सगळे बॉक्स एकाच बॅचचे घ्या. नंतर दोन बॉक्स कमी पडले आणि दुसऱ्या बॅचचे आले तर भिंतीवर रंगातला फरक लगेच दिसतो.

मापाचा आणखी एक प्रकार कमोडचा आहे आणि इथे फार जण फसतात. मैला जमिनीतून खाली जात असेल तर एस ट्रॅप, भिंतीतून मागे जात असेल तर पी ट्रॅप. एस ट्रॅपचा कमोड घ्यायचा तर भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बाजारात साधारण ९ इंची आणि १२ इंची मापाचे मिळतात. हे अंतर टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून धरायचं असतं. नवं प्लास्टर, चिकट आणि टाइल मिळून इंचभर जागा खातात, म्हणून उघड्या विटेपासून दहा इंच भरलं तर ते खरं नऊ समजा. मॉडेल आवडलं आणि माप बसलं नाही, तर एक तर कमोड परत करावा लागतो, नाही तर पाइप हलवायला पुन्हा फरशी फोडावी लागते.

टाइलच्या मागे काय काय असतं

माझ्या मते बजेटचा पहिला घास इथे द्यायचा. भिंतीवरचं काहीही पाच वर्षांनी बदलता येतं. भिंतीतलं आणि फरशीखालचं बदलायचं तर वरचं सगळं पुन्हा फोडावं लागतं.

पाइप. जुन्या घरातली जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांची) लाइन असेल तर अर्धी ठेवून अर्धी बदलू नका, पूर्ण काढा. आतल्या गार-गरम दोन्ही लाइनींना सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) वापरा. साधा यूपीव्हीसी साधारण ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. गीझरचं किंवा छतावरच्या सोलरचं पाणी त्यात सोडणं धोक्याचं आहे. बाथरूमच्या तोंडाशी एक वेगळा बंद-व्हॉल्व्ह बसवून घ्या. पुढे एक नळ बदलायचा तर अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही. भिंत साडेचार इंची असेल तर तिच्यात आडवी खोल खाच मारू देऊ नका. महाल-इतवारीतल्या जुन्या, भारवाही भिंतींच्या घरांत तर मुळीच नाही. प्लास्टर करण्याआधी लाइन पाण्याने भरून, हॅन्डपंपाने दाब देऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी प्रत्येक सांधा कोरड्या हाताने चाचपा.

निचरा. कमोडचा पाइप ४ इंची, नहाणीचा शक्यतो ३ इंची. उतार ८ फुटांत सव्वा ते दीड इंच मिळायला हवा, आणि बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा किमान अर्धा-पाऊण इंच खाली. काम सुरू असताना बाहेरचं चेंबर उघडून गडर लाइन साफ आहे ना तेही पाहून घ्या. चेंबर तुंबलेलं असेल तर नव्या बाथरूमलाही वास मारणार.

वरच्या मजल्यावर संकन स्लॅब (पाइपांसाठी खाली घेतलेला आणि वर भराव टाकलेला स्लॅब) असेल तर त्यातला जुना ओला भराव पूर्ण उपसा. मजूर कंटाळून "वरवरचा काढला, खालचा चांगला आहे" म्हणतात. तळाची काँक्रीट दिसेपर्यंत थांबू नका. तळाला एक छोटा निचरा-पाइप वेगळा काढून ठेवला तर पुढे कधी पाणी झिरपलंच, तर ते खालच्या घराच्या छतात न जाता बाहेर पडतं आणि आपल्याला वेळेवर कळतं. फ्लॅट असेल तर हा पाइप काढण्याआधी सोसायटीशी बोला.

वॉटरप्रूफिंग. फरशी ४०, चारी भिंतींना फूटभर वर २६, आणि शॉवरच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतींना आणखी पाच फूट उंच म्हणजे साधारण ४५, असे मिळून ११० चौरस फूट होतात. सिमेंट आणि द्रव असं दोन भागांत येणारं पॉलिमर कोटिंग, दोन हात, एक उभा आणि एक आडवा. कोपऱ्यांत फायबरची जाळी आणि पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथे न आकसणारं ग्राउट. गळती सुरू होते ती बहुतेक या पाइपाच्या कडेनेच. म्हणून तो तासभर तुम्ही स्वतः तिथे उभे राहा.

मग जाळीचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरा आणि किमान ४८ तास ठेवा. भिंतीवर पाण्याची रेघ आखा. इथे नागपूरचा उन्हाळा घोळ घालतो. एप्रिल-मेमध्ये पाणी नुसतंच उडून जातं आणि पातळी उतरली की गळती की बाष्पीभवन, यावरून वाद सुरू होतो. उपाय सोपा आहे. शेजारीच एका उघड्या घमेल्यात पाणी भरून त्यावरही रेघ आखा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर चिंता नाही. बाथरूममधलं जास्त उतरलं तर कोटिंग पुन्हा.

टाइल्स: जिथे वाटते तिथे बचत नाही

भिंतीची साधी सिरॅमिक टाइल पाणी शोषते, म्हणून सिमेंटवर लावायची तर आधी पाण्यात भिजवतात. व्हिट्रिफाइड टाइल जवळपास पाणी शोषतच नाही, तिला नुसत्या सिमेंटची पकड नीट येत नाही. तिथे टाइल अॅडेसिव्हच हवं (पिशवीवर आयएस १५४७७ पाहा). फरशीला खडबडीत, मॅट फिनिशची टाइल घ्या. दुकानातच नमुन्यावर पाणी ओतून हात घासून पाहा. घरात म्हातारी माणसं असतील तर या एका गोष्टीवर तडजोड नको.

उंची कमी करून पैसे वाचतात असं सगळे सांगतात. हिशेब करून पाहू. शॉवरच्या भागात (११ फूट घेर) ७ फूट उंची आणि उरलेल्या १५ फुटांत ४ फूटच टाइल लावली, तर दार वजा जाता साधारण १२७ चौरस फूट होतात. म्हणजे ३४ चौरस फूट वाचले. टाइल ४५ रुपये आणि लावणावळ ४० धरली तर बचत जेमतेम तीन हजारांची, आणि वरचा रंग दमटपणाने दोन पावसाळ्यांत सुटायला लागतो. सोडून द्या तो विचार.

दाब, गीझर आणि कूलरचा नळ

मोठ्या थाळीसारखा रेन शॉवर घेण्याआधी छतावर जाऊन टाकी पाहा. साधारण ३३ फूट उंचीला १ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा शॉवर टाकीच्या तळापासून सहा फूट खाली असेल तर दाब ०.१८ बार, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्यात रेन शॉवर लावला तर मधोमध चार धारा पडतील. तेव्हा एक तर प्रेशर पंपाची वेगळी ओळ बजेटमध्ये लिहा, नाही तर साधा, लहान तोंडाचा शॉवर घ्या. तळमजल्यावर ही अडचण तितकी येत नाही.

गीझर नागपुरात खरा लागतो तो दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात तर टाकीचंच पाणी दुपारी हात पोळतं. तेव्हा चार माणसांच्या घराला १५ लिटरचा, जास्त स्टारचा गीझर पुरतो. २५ लिटरचा घेऊन वरून वीजबिल भरायचं कारण नाही. जड पाण्यात आतला अॅनोड रॉड (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी कांडी) लवकर झिजतो. वर्षातून एकदा टाकी खोलून साफ करून घ्या आणि रॉड पाहा. सॉकेट १६ अँपिअरचं, वायर किमान अडीच चौरस मिलिमीटरची, अर्थिंग तपासलेलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारं स्विच). शेवटची वस्तू "कशाला उगाच" म्हणून यादीतून गळते. ओल्या अंगाने करंट बसला तर जीव वाचवणारी तीच आहे.

आणि एक नळ खास आपल्याकडचा. उन्हाळाभर कूलर भरायला बाथरूमच्या नळाला पाइप जोडतात, तो निसटतो, फरशीवर पाणी पसरतं, महागड्या मिक्सरची मान ढिली होते. काम काढलंच आहे तर दाराजवळ, कमरेच्या उंचीवर, पाइप अडकवायचं तोंड असलेला एक साधा वेगळा नळ काढून घ्या. आत्ता खर्च फार तर काही शे रुपये. नंतर काढायचा तर भिंत फोडावी लागेल.

कमोडजवळ आणि शॉवरजवळ पकडायला स्टीलचे दांडे लावायचे असतील तर तिथे भिंत भरीव आहे ना हे प्लास्टरच्या वेळीच पाहा. आज गरज नसली तरी जागा ठरवून ठेवा.

आता बेरीज

मध्यम दर्जाचं सामान धरून आपल्या ५ बाय ८ च्या बाथरूमचा कागद असा दिसेल:

- तोडफोड आणि मलबा उचलणं: ९,०००
- पाइप, ट्रॅप, फिटिंगचं सामान: ११,०००
- प्लंबरची मजुरी: १०,०००
- वॉटरप्रूफिंग, सामान-मजुरीसह: ९,०००
- सिमेंट, रेती, अॅडेसिव्ह, ग्राउट: १०,०००
- टाइल्स (भिंतीला १८० चौरस फूट, दर ४५, फरशीला ४५ चौरस फूट, दर ५५): १०,६००
- प्लास्टर आणि टाइल लावणावळ: १२,१००
- कमोड आणि बेसिन: १३,०००
- मिक्सर, शॉवर, नळ, हेल्थ फॉसेट: १२,०००
- गीझर: ८,५००
- वायरिंग, दिवा, एक्झॉस्ट पंखा: ७,०००
- पाण्याने न फुगणारं दार, चौकटीसह: ९,०००
- आरसा, स्टँड, दांडे: ४,०००
- छताचा रंग आणि किरकोळ: २,०००

बेरीज १,२७,२००. त्यावर १५ टक्के राखीव, साधारण १९,०००. म्हणजे हातात १,४६,००० असल्याशिवाय पहिला घाव घालू नका. घर तीस वर्षांहून जुनं असेल किंवा जीआयची लाइन असेल तर राखीव रक्कम वीस टक्के धरा. राखीव पैशाला टाइल्स लागेपर्यंत हात लावायचा नाही. तोपर्यंत लागला नाही तर आरसा चांगला घ्या.

या कागदाकडे जरा निरखून पाहा. ज्या टाइल्सवर घरात आठवडाभर चर्चा होते, त्या एकूण खर्चाच्या बाराव्या हिश्शाइतक्याच आहेत. भिंतीची टाइल ४५ ऐवजी ९० रुपयांची घेतली तरी ८,१०० रुपयेच वाढतात. पहिल्या पाच ओळी मात्र ४९,००० च्या आहेत, आणि घासाघीस नेमकी तिथेच केली जाते.

मलब्याची ओळ हमखास विसरली जाते. भिंतीचं प्लास्टर, टाइल आणि फरशीखालचा भराव मिळून सैल मलबा ब्रासच्या पाऊण हिश्शाच्या आसपास जातो, म्हणजे ट्रॅक्टरची एक ट्रॉली. इतवारी-महालच्या गल्लीत ट्रॅक्टर शिरत नाही, तिथे हातगाडीने मुख्य रस्त्यापर्यंत आणण्याची मजुरी वेगळी. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट असेल आणि लिफ्ट वापरायची परवानगी नसेल तर चढ-उताराचे पैसे आधीच ठरवा. रस्त्याकडेला किंवा नाल्यात मलबा टाकू देऊ नका. ठेकेदाराने टाकला तरी शेजारी नाव तुमचंच घेतात.

पैसे कमी असतील तर कशाला हात लावायचा? जुना गीझर चालू असेल तर तोच राहू द्या (८,५०० वाचले). दार बदलण्याऐवजी खालचा सडलेला भाग पत्र्याने मढवून घ्या (सात हजार). आरसा-स्टँड पुढच्या दिवाळीला (चार हजार). कमोड साधा, दोन भागांचा घ्या (पाच हजार). झाले २४,५००, बेरीज १,०२,७०० वर आली, आणि राखीव १५,४०० धरून १,१८,००० च्या आसपास. पाइप, वॉटरप्रूफिंग आणि आरसीसीबी यांतून एक रुपयाही काढू नका. इतकेही पैसे नसतील तर काम एक हंगाम पुढे ढकला. अर्ध्या पैशात पूर्ण बाथरूम करून देणारा माणूस वॉटरप्रूफिंगमध्येच हात आखडता घेतो.

भाव मागवताना

तीन मिस्त्रींना तोच एक कागद दाखवा, म्हणजे भाव तोलता येतात. "पूर्ण बाथरूम किती घ्याल?" असा मोघम प्रश्न विचारला की आकडेही मोघमच येतात. सामान आपलं आणि मजुरीचा ठेका, ही पद्धत मला जास्त पटते, कारण पाइप आणि कोटिंगची कंपनी तुम्ही निवडता. त्यासाठी धावपळ करायला घरात कुणीतरी मोकळं हवं. नोकरीमुळे ते जमत नसेल तर सामानासह ठेका द्या, पण प्रत्येक वस्तूचं नाव, मॉडेल आणि माप लिहून घ्या. "चांगल्या कंपनीचा नळ" असं लिहिलेलं काही कामाचं नाही.

दुकानात भाव विचारताना जीएसटीसह विचारा. टाइल्सवर १८ टक्के कर आहे, आणि सिमेंटवरचा सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या अंदाजपत्रकातला सिमेंटचा भाव तसाच उचलू नका. कच्च्या बिलावर थोडे पैसे वाचतात, पण मिक्सर किंवा गीझर बिघडला की वॉरंटीसाठी पक्कं बिलच लागतं. न फोडलेले बॉक्स परत घेणार का, हे बिलावरच लिहून घ्या.

मजुरीचे हप्ते कामाला बांधा. सुरुवातीला १० टक्के, पाइप लागून दाबाची चाचणी झाली की २५, पाणी भरून ४८ तास पार पडले की २५, टाइल्स आणि ग्राउट झाले की ३०, आणि उरलेले १० बाथरूम महिनाभर वापरल्यावर. शेवटचे दहा टक्के ऐकून काही मिस्त्री नाराज होतात. आधीच सांगितलं असेल तर मात्र भांडण होत नाही, आणि महिन्याने ते मोकळ्या मनाने, वेळेवर द्या. पुढच्या वेळी फोन केला की तो येईल.

केव्हा आणि किती दिवस

दिवाळी आटोपल्यापासून होळीच्या आधीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. मे महिन्यात प्लास्टर सुकतं फार लवकर. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात दिवसातून तीन-चारदा पाणी मारलं नाही तर प्लास्टरला बारीक तडे जातात, आणि अॅडेसिव्ह घमेल्यातच आळायला लागतं. जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की भिंती सुकत नाहीत, रेती ओली येते आणि मलबा अंगणात चिखल होऊन बसतो. छत्तीसगड-बालाघाटकडचे मजूर होळी-दिवाळीला गावी जातात, तेव्हा सणाच्या तोंडावर काम सुरू केलं तर ते अर्धवट लटकण्याची भीती असते.

तोडफोडीला दोन दिवस, पाइपांना दोन, प्लास्टर आणि त्यावर पाणी मारण्याला आठवडा, वॉटरप्रूफिंग आणि चाचणीला चार-पाच, टाइल्सला तीन-चार, ग्राउट आणि फिटिंगला तीन. म्हणजे तीन आठवडे. "आठ दिवसांत देतो" म्हणणारा यातलं काय गाळणार आहे, ते त्याला विचारा. घरात एकच संडास असेल तर या काळाची सोय आधी करा: शेजाऱ्यांशी बोलून ठेवा किंवा अंगणात तात्पुरती व्यवस्था करा, आणि तो खर्चही कागदावर लिहा. फ्लॅटमध्ये सोसायटीला लेखी कळवा आणि काम सुरू होण्याआधी खालच्या घरी जाऊन त्यांच्या छताचे फोटो काढून आणा. नंतर डाग नवा की जुना यावर वाद होत नाही.

प्लास्टर चढण्याआधी आणखी एक काम. चारी भिंतींवर पाइप आणि वायर कुठून गेल्यात त्याचे फोटो काढा. शेजारी टेप धरा, म्हणजे कोपऱ्यापासून आणि फरशीपासूनचं अंतर फोटोत वाचता येईल. उद्या आरसा टांगायला भोक पाडायचं असेल तेव्हा प्लंबर हाच फोटो मागेल. फोटो घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा, सगळ्या वस्तूंची बिलं आणि वॉरंटी कार्डं एका पाकिटात घाला, आणि उरलेल्या टाइल्सचा निदान एक बॉक्स, वरचा बॅच नंबर दिसेल असा, माळ्यावर जपून ठेवा.